डावा पुढचा

आधी कानाला कळलं.
वळणापलीकडून, पवनचक्कीच्या मागून
टापांचा ठेका येत होता
आणि त्यात एक टाप हात राखून पडत होती.
मी बादल्या भरत होतो. भरत राहिलो.

बावन्न किलोमीटर झाले होते.
फ्री स्टेटमधलं जुलैचं ऊन, नुसतं दिसायला ऊन;
कुंपणाच्या सावलीत दहिवर अजून पांढरं.
एल्साबे उतरली, खोगिराचा पट्टा सैल केला,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"खडा असेल, मोलेफी."

खडा नव्हता.
खूर उचलून आकडीने खरवडलं, अंगठ्याने दाबलं,
नाल घट्ट, खिळे जागच्या जागी.
डाव्या घोट्यावर हात ठेवला, मग उजव्यावर, परत डाव्यावर.
कप उचलून नेल्यावर टेबलाला राहते ना,
तेवढीच ऊब.

नाडी उतरायला अकरा मिनिटं लागली.
एरवी स्केमर पाचात उतरते.

"पळवून दाखवा," डॉक्टर माखेता म्हणाल्या.
दोरी मीच धरली, सैल.
आखडून धरली की मान लपते हे मला ठाऊक आहे,
आणि मला ठाऊक आहे हे बाईंना ठाऊक आहे.
तीस पावलं जायचं, तीस यायचं.
दुखरा पाय टेकला की डोकं वर,
भला टेकला की खाली.
लांबून वाटावं घोडी हो म्हणतेय.
अजून अठ्ठावीस किलोमीटर, जाशील?
हो. हो. हो.

"मऊ मातीत दिसतही नाही," बाई म्हणाल्या,
"कडक जमिनीवर दिसतं, तेही दर वेळी नाही.
पाऊण तासाने परत आणा. नाहीतर तुम्हीच ठरवा."

बर्फाच्या पाण्यात अर्धा तास पाय धरला असता
तर पास झाली असती.
हे तिघांनाही कळत होतं.
आज तिचे हजार किलोमीटर पुरे व्हायचे होते;
तबेल्याच्या दारावर पाटीसाठी
मागच्याच रविवारी मी खिळा ठोकला होता.

एल्साबेने नंबराचं कापड अंगावरून काढलं,
घडी घातली, उलगडली, परत घातली,
आणि बाईंच्या हातात दिली.

मग खरं काम.
ट्रेलर तळावर, तळ एकतीस किलोमीटर कच्च्या रस्त्याने.
ट्रेलरच्या कुलुपाची किल्ली लिझेलच्या जाकिटात,
आणि लिझेल तिच्या वोल्कीवर, डोंगरापलीकडे कुठेतरी.
आयोजकांचा ट्रेलर पोटदुखीचा एक घोडा घेऊन गेलेला.
त्याचा नंबर आधी. बरोबरच आहे.

"दुखणं थांबवायची सुई?"
"घरी पोचल्यावर," बाई म्हणाल्या.
"गाडी हलेल तेव्हा कुठल्या पायावर रेलायचं नाही
हे तिला आठवायला हवं."

घोंगडी, गवताची जाळी, दोन बादल्या पाणी
आणि एल्साबे,
एवढं मागे ठेवून मी निघालो.
आरशात स्केमर दिसत होती,
वोल्की गेला त्या वळणाकडे तोंड करून खिंकाळत.

लिझेल तीनला आली, सातवी.
तिने आधी विचारलं, "आई कुठेय?"
मी आधी किल्ली मागितली.

परत पोचेपर्यंत सावल्या रस्ता ओलांडून गेल्या होत्या.
फळीवर घोडी थबकली,
दुखरा पाय उचलून हवेत धरला क्षणभर,
दारात चप्पल काढताना माणूस धरतो तसा,
मग चढली.

काटा वीसच्या वर जाऊ दिला नाही.
खिडक्या उघड्या ठेवल्या, थंडी असूनही,
मागच्या फळ्यांवरचा आवाज ऐकू यावा म्हणून.
गुरांच्या फाटकापाशी एल्साबे बोलली.

"तुला कधी ऐकू आलं?"
"वळणावर."
तिने हातमोजे काढले, मांडीवर ठेवले.
"मला नाल्यापासून," ती म्हणाली. "सात किलोमीटर."

मी काही बोललो नाही.
पुढे खड्डा होता.